घरात वाळवी आहे का? फडकं मारण्याआधी कसं तपासायचं

भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली की घरातलं कुणीतरी आधी फडकं आणतं. रेघ पुसली जाते, वर रॉकेल नाहीतर डासांचा स्प्रे मारला जातो आणि विषय मिटला असं समजून सगळे आपापल्या कामाला लागतात. काही महिन्यांनी त्याच भिंतीच्या पलीकडची चौकट हाताला भुसभुशीत लागते. सांगलीत गावभागातला जुना वाडा असो की विश्रामबागेतलं नवं रो-हाऊस, घरदुरुस्तीच्या कामात हेच पुन्हा पुन्हा बघायला मिळतं. "इथं होती की ओ रेघ, कालच पुसली," असं काकू सांगतात आणि दाखवायला भिंत स्वच्छ असते.

आपल्याकडं घरांना लागणारी वाळवी बहुतेक जमिनीतली असते. राणी, अंडी, पिल्लं सगळं मातीत. लाकडात सापडतात त्या फक्त चारा न्यायला आलेल्या कामकरी. त्यांचं अंग मऊ, कातडी पातळ, उघड्या हवेत त्या लवकर सुकतात. म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत त्या मातीचा झाकलेला रस्ता बांधतात. आपण पुसतो तो हा रस्ता. तो गेला की वाळवी कुठून वर आली हे सांगणारी खूण जाते, आणि वाळवी मात्र दोन हात सोडून दुसरीकडून वर येते.

तेव्हा खाली सांगितलेल्या क्रमानं चला: बाहेरून आत, खालून वर. औषधाचं शेवटी, तेही थोडक्यात.

## तयारी

वेळ. वर्षातून दोनदा बघितलं तरी पुरे. एकदा वळवाचे पाऊस पडून गेल्यावर, मृगाच्या आसपास. दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईत, कारण तेव्हा कपाटं तशीही भिंतीपासून ओढली जातात. फक्त साफसफाईचा नेहमीचा क्रम बदला. आधी बघायचं, मग झाडायचं. जळमटं, माती, भुसा सगळं झाडून झाल्यावर मला बोलावलं तर मी काय बघणार?

साहित्य. एक बॅटरी, पोती शिवायचा दाभण, प्लास्टिक मुठीचा स्क्रूड्रायव्हर, पेन्सिल, हातातला छोटा आरसा, जुनी वर्तमानपत्रं, फोटोसाठी मोबाईल आणि एक वही. वहीत घराचा ढोबळ नकाशा काढा. खोल्या, दारं, मोरी, पाण्याचे पाइप एवढं पुरे. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल.

मोबाईलच्या टॉर्चवर भागवायला बघू नका. तो उजेड समोरून पडतो आणि रंगवलेल्या भिंतीवरचा उंचवटा त्यात दिसत नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड तिरपा सोडा. मग रेघेची सावली पडते, रंगाखालचा फुगवटाही उठून दिसतो. चौकटीच्या पायाशी हे एकदा करून बघा, रोज नजरेखालून जाणारी जागा वेगळी दिसेल.

आधीचे दोन-तीन दिवस. भिंतीच्या कडेनं ओलं फडकं नको. कुठलाही स्प्रे नको. रंगाचं काम काढलं असेल तर रंगाऱ्याला थांबवा. लांबी (पुट्टी) भरली की पुढं वर्षभर काही कळत नाही.

> सावधान: रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही भिंतीच्या फटीत किंवा चौकटीत ओतू नका. समोरच्या चार वाळव्या मरतात, जमिनीतल्या वसाहतीला काही होत नाही आणि घरात आगीचा धोका तेवढा वाढतो.

## टप्पा १: बाहेरून फेरी, जोत्यापासून

लोक बैठकीतल्या शोकेसपासून सुरुवात करतात. तिथं दिसते ती शेवटची खूण. सुरुवात जोत्यापासून करायची.

जोत्याची बाहेरची बाजू निदान वीतभर तरी उघडी दिसली पाहिजे. बऱ्याच घरांत ती दिसतच नाही. कुंड्या, पेव्हर ब्लॉक, बागेचा भराव यांनी ती झाकून गेलेली असते. माती जोत्याच्या वर चढली असेल तर वाळवीला उघड्यावर यावंच लागत नाही. ती मातीतून थेट भिंतीत शिरते आणि बाहेर एकही रेघ उमटत नाही. तिथली माती आधी खाली ओढा, मग बघा.

शोधायची आहे ती मातीची नळी. साधारण पेन्सिलीच्या जाडीची, कधी बारीक, कधी दोन-तीन एकत्र येऊन रुंद झालेली. भिंतीपासून किंचित उचललेली असते आणि आतून पोकळ. रंग त्या जागच्या मातीचा, म्हणजे काळ्या रानातल्या घरात काळपट, मुरमाच्या भरावावर तांबूस.

बघायच्या जागा याच क्रमानं घ्या:

१. जोत्याचे चारही कोपरे आणि पायरीच्या खालची अंधारी बाजू.

२. मोरीचा, बेसिनचा, टाकीचा पाइप भिंतीतून बाहेर येतो ती जागा. पाइपाभोवती सिमेंट नीट भरलेलं नसतं आणि ओल कायम असते.

३. एसीचं पाणी ठिबकतं ती जागा. आजकाल इथं बरंच सापडतं.

४. भिंतीला टेकवून ठेवलेलं सगळं: जळण, गोवऱ्या, चिपाडं, सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या, द्राक्षबागेतून काढून आणलेले बांबू, "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेलं जुनं दार. ढिगातली सगळ्यात खालची फळी उलटी करून बघा. वरच्या फळ्या बघून काही समजत नाही.

काळ्या मातीच्या भागात उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि जोतं व बाहेरची फरशी यांच्यात फट पडते. पाऊस पडला की ती मिटल्यासारखी दिसते. वाळवीला एक मिलिमीटरची फटही पुरते, त्यामुळं मे महिन्यात दिसलेली फट वहीत लिहून ठेवा.

आंब्याच्या किंवा लिंबाच्या खोडावर मातीचा पापुद्रा चढलेला दिसला तर लगेच घाबरू नका. वाळवी तिथं मेलेली साल खात असते. त्यावरून घराला लागली असं ठरत नाही. झाड भिंतीपासून किती अंतरावर आहे तेवढं लिहा आणि पुढं चला. कापलेल्या झाडाचा बुंधा जमिनीत तसाच राहिला असेल तर तो मात्र जास्त महत्त्वाचा. असा बुंधा वाळवीला वर्षानुवर्षं पोसतो.

> सावधान: परड्यात वारूळ असेल तर त्यात हात किंवा दाभण घालू नका. सोडून दिलेल्या वारुळात नाग, धामण राहायला येतात. शिराळ्याकडच्या वाचकांना हे मी सांगायची गरज नाही.

## टप्पा २: फरशी आणि भिंतीचा सांधा

आता आत या. पहिली जागा बाथरूम. बैठक नंतर.

बाथरूमच्या दाराची लाकडी चौकट असेल तर तिचे दोन्ही पाय फरशीत गाडलेले असतात. रोजचं पाणी, खाली भराव आणि मध्ये लाकूड. वाळवीला आणखी काय पाहिजे? खाली बसा. उभ्यानं हे दिसत नाही. चौकटीचा पाय फरशीला टेकतो तिथं चारही बाजूंनी तिरपा उजेड टाका, मागच्या बाजूला आरसा धरा. मातीचा छोटा ढिगारा, चौकट आणि प्लॅस्टरमधल्या फटीत भरलेली ओली माती, किंवा रंगावर उठलेली नागमोडी रेघ, यातलं काहीही दिसलं तर फोटो काढा, जवळ पेन्सिलीनं बाण करा. हात लावू नका.

मग स्वयंपाकघर. सिंकखालचं कपाट रिकामं करा आणि मागच्या भिंतीतून पाइप येतो ती जागा बघा. ओट्याखाली गॅसच्या टाकीमागची भिंत कुणी बघत नाही. शहाबादी फरशी असेल तर दोन फरश्यांच्या सांध्यातून वर आलेली मातीची बारीक कड दिसते. टाइल्सच्या घरात ती स्कर्टिंगच्या वरच्या कडेला सापडते.

देवघर विसरू नका. लाकडी देव्हारा भिंतीला चिकटून असतो, खाली रोज पाणी सांडतं आणि तो हलवायला कुणी तयार नसतं.

## टप्पा ३: ठोका, ऐका, दाबा

वाळवी लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा राखते, कारण तोच तिचा आडोसा. ऑइलपेंट मारलेली चौकट म्हणूनच शेवटपर्यंत चकचकीत दिसते.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चौकटीवर खालून वर, दर वीतभर अंतरावर ठोका. आवाजाची तुलना त्याच चौकटीच्या वरच्या भागाशी करायची, दुसऱ्या दाराशी करू नका. सागवान आणि हलक्या लाकडाचा आवाज मुळातच वेगळा असतो. भरीव लाकूड टणक बोलतं, खाल्लेलं भदभद वाजतं.

शंका आली तिथं अंगठ्यानं दाबा. विश्रामबागेतल्या एका घरात आमच्या सुतारानं असा अंगठा ठेवला तर पेंटचा पापुद्रा आत गेला आणि अंगठा पेरभर बुडाला. आत लाकडाच्या उभ्या चिपा तेवढ्या शिल्लक होत्या, मधल्या जागेत माती लिंपलेली. वर पेंटवर साधा चरा नव्हता.

अंगठ्यानं समजलं नाही तर दाभण घ्या. चौकटीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला हलका दाब द्या. चांगल्या लाकडात टोक अडकतं. खाल्लेल्यात सरळ आत जातं आणि बाहेर येताना टोकाला माती लागते. ही माती लागणं फार महत्त्वाचं आहे. नुसतं मऊ लाकूड पाण्यानं कुजलेलंही असू शकतं, पण त्यात माती नसते.

रात्री शांत असताना संशयाच्या जागी कान लावलात तर कधीकधी बारीक खडखड ऐकू येते. धक्का लागला की वाळवीतले सैनिक डोकं लाकडावर आपटतात, तो हा आवाज. ऐकू आला तर खूण पक्की. ऐकू आला नाही तर मात्र त्यावरून काही ठरत नाही.

जुन्या वाड्यांचं वेगळं. साताऱ्याच्या पेठांत, वाईला घाटाजवळ, सांगलीच्या गावभागात अजून लाकडी खांबांची घरं आहेत. तिथं खांबाखालचा तळखडा आधी बघा. खांब दगडावर उभा असल्यानं वाळवीला त्या दगडावरून चढावंच लागतं आणि नळी उघडी पडते. जुन्या सुतारांनी लाकूड जमिनीपासून वर उचललं होतं ते उगाच नाही. पण पुढच्या पिढीनं फरशी घालताना हे तळखडे बुजवले असतील तर ही सोय गेली. मग खांब खालून हातभर उंचीपर्यंत ठोकूनच बघावा लागतो. भिंत मातीची असेल तर वाळवी भिंतीच्या पोटातून वर जाते. अशा घरात तुळईची टोकं भिंतीत शिरतात त्या जागा शिडी लावून तपासा.

> तपासा: इथवर येईपर्यंत वहीतल्या नकाशावर खुणा पडायला लागल्या असतील. त्या एका ओळीत येतायत का? बाहेर पाइपाजवळ नळी, आत त्याच भिंतीला बाथरूमची चौकट, तर रस्ता सापडला. खुणा घरभर विखुरल्या असतील तर रस्ते एकापेक्षा जास्त आहेत.

## टप्पा ४: कपाटं, कागद, फ्रेम

भिंतीत बसवलेल्या प्लायच्या कपाटाची पाठ दिसत नाही, म्हणून लोक दारं ठोकतात. दारं सगळ्यात शेवटी जातात. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा करा, तळाची फळी ठोका, मागच्या प्लायचा खालचा कोपरा दाभणानं तपासा.

प्लाय "वाळवीप्रूफ" होता, असं बरेच जण सांगतात. असेल. पण वाळवी त्यावरूनही माती बांधत पुढं जाते आणि आतल्या कागद-कपड्यांपर्यंत पोचते. कपाटाच्या मागं एमडीएफ किंवा साधी पट्टी ठोकलेली असते, ती तर खातेच.

कागदांचं जास्त बघा. खरेदीखत, वाटणीपत्र, जुने सातबारे, मार्कशीटा घरोघर ट्रंकेत किंवा तळाच्या कप्प्यात असतात. वर वर्तमानपत्राचा थर, खाली पिशव्या. गठ्ठा उचलताना तो फरशीला किंवा फळीला चिकटल्यासारखा लागला तर ओढू नका. खालून वर्तमानपत्र सरकवून अख्खा गठ्ठा उचला. ओढलात तर खाल्लेलं पान फाटतं आणि वाचण्यासारखं उरलं असतं तेही जातं.

भिंतीवरच्या फोटोफ्रेमा काढून पाठ बघा. मागचा पुठ्ठा वाळवीला आवडतो आणि फ्रेमच्या आडोशानं नळी झाकली जाते. मिरजेत ज्यांच्या घरी तंबोरा, सतार कोपऱ्यात उभी असते त्यांनी भोपळ्याखालची जागाही बघावी. वाद्य भिंतीला आणि फरशीला एकाच वेळी टेकलेलं नको.

## टप्पा ५: वरचे मजले आणि स्विचबोर्ड

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आमच्याकडं कुठली वाळवी?" हे ऐकून मी वाद घालायचं सोडून दिलंय. भिंतीतली वायरिंगची नळी, पाइपांचा डक्ट, लिफ्टच्या बाजूची पोकळी, सगळे सरळ खालून वर जाणारे रस्ते आहेत. स्विचबोर्डच्या कडेनं किंवा स्विचच्या फटीतून माती आलेली दिसली की वाळवी वायरिंगच्या नळीतून चढली असं समजा. फ्लॅटमध्ये एकट्याच्या घरात औषध मारून मग भागत नाही, तळमजल्याचा विचार सोसायटीनं करावा लागतो.

> सावधान: स्विचबोर्डात दाभण, स्क्रूड्रायव्हर, ओलं फडकं, स्प्रे काहीही घालू नका. फक्त बाहेरून फोटो काढा. उघडायचाच असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनच्या हातून.

## टप्पा ६: पावसानंतरची पाखरं आणि पंख

वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला ट्यूबलाइटभोवती पाखरांची झुंबड उडते. सकाळी खिडकीत पंखांचा सडा असतो. यावर दोन टोकाच्या चुका होतात. काही जण घाबरून त्याच दिवशी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावतात, तर काही जण "पावसाळी किडे" म्हणून झाडून टाकतात.

आधी ते पाखरू वाळवीचं आहे का ते बघा. एक पकडून कागदावर ठेवा. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि अंगापेक्षा बरेच लांब असतात. कंबर नसते, अंग सलग. मिशा सरळ असतात. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे छोटे, कंबर बारीक आणि मिशा कोपरातून वाकलेल्या.

वाळवीचं निघालं तर पुढचा प्रश्न, ते आलं कुठून? उघड्या खिडकीतून दिव्याकडं आलेली पाखरं बाहेरच्या कुठल्याही वारुळातली असू शकतात. त्यावरून तुमच्या घराबद्दल काही सिद्ध होत नाही. पण खिडक्या बंद असलेल्या खोलीत पंख सापडले, चौकटीच्या फटीतून किंवा फरशीच्या सांध्यातून पाखरं बाहेर येताना दिसली, तर घराखाली किंवा भिंतीत वसाहत आहे आणि ती जुनी आहे. नव्या वसाहतीतून पाखरं निघत नाहीत, त्याला काही वर्षं जावी लागतात. अशा वेळी झाडू बाजूला ठेवा, पाखरं निघतायत त्या फटीचा व्हिडिओ काढा. तो प्रकार अर्धा-पाऊण तासात संपतो आणि मग तीच फट शोधून सापडत नाही.

## टप्पा ७: रस्ता चालू आहे की जुना?

सापडलेली प्रत्येक नळी चालू असेलच असं नाही. हा टप्पा घाईत उरकला जातो आणि पैसे वाया जातात, म्हणून शांतपणे करा.

१. नळीचा आधी पूर्ण फोटो काढा, शेजारी पट्टी धरून.

२. नळीच्या मधोमध साधारण एक इंचाचा तुकडा दाभणाच्या टोकानं हलकेच काढा. टोकं तशीच ठेवा. अख्खी नळी खरवडायची नाही.

३. लगेच आत बघा. पांढुरक्या, मऊ, तांदळाच्या दाण्याहून लहान कामकरी धावताना दिसतील. थोड्या वेळात तपकिरी मोठ्या डोक्याचे सैनिक तोंडाशी येऊन उभे राहतात. दिसले तर प्रश्न मिटला, रस्ता चालू आहे.

४. काही दिसलं नाही तर काढलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, तारीख लिहा.

५. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी बघा. खाच ओल्या, गडद मातीनं भरून आली असेल तर वाळवी रोज तिथून ये-जा करते आहे.

६. भरली नाही तर आठवडाभर थांबा. माती कोरडी, हात लावताच भुगा होणारी असेल तर तो रस्ता बहुधा सोडून दिलेला आहे.

त्या "बहुधा"कडं लक्ष द्या. एक नळी सुनी पडली म्हणजे घर सुटलं असं होत नाही. वाळवी धक्का लागलेला रस्ता सोडते आणि दुसरा धरते. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या नळ्यांवर ही चाचणी एकाच दिवशी लावा. आणि हो, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशी प्रेमानं सगळं पुसून ठेवतात.

## टप्पा ८: वाळवी नसलेल्या खुणा

पीठ पडणं. चौकटीखाली, बांबूखाली, दिवाणाखाली बारीक पिठासारखी भुकटी आणि लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं. हा लाकडातला भुंगा आहे. जमिनीतली वाळवी अशी भोकं पाडत नाही आणि पीठ बाहेर टाकत नाही. इथं जमिनीत औषध सोडून उपयोग शून्य, कारण कीड त्या लाकडातच आहे. लोक वाळवीची ट्रीटमेंट करून मोकळे होतात आणि पीठ पडतच राहतं.

दाणेदार कचरा. पिठाऐवजी कोरडे, टणक, एकसारखे बारीक दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडात राहणारी वाळवी. ती मुख्यतः किनारपट्टीकडची. कोकणातून आणलेल्या जुन्या फर्निचरमध्ये हे बघा.

मातीचा गोळा. कोपऱ्यात, पडद्यामागं, स्विचबोर्डच्या वर मातीचा एकच गुबगुबीत गोळा किंवा शेजारी शेजारी दोन-तीन आखूड नळकांडी असतील, पण जमिनीपर्यंत येणारी रेघ नसेल तर ते कुंभारमाशीचं घर. वाळवीची नळी कुठून तरी कुठं तरी जात असते.

पोपडे आणि लोणा. भिंतीवर पांढरी पावडर, सुटलेला रंग. ही ओल. हात फिरवला की बोटाला क्षार लागतो, माती लागत नाही.

पुराचा गाळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा ज्या घरांत पाणी शिरलं तिथं फर्निचरमागं आणि फटींत गाळ अजून सापडतो. गाळाची रेघ आडवी, सपाट आणि सगळ्या खोलीत एकाच उंचीला असते. वाळवीची नळी उभी चढते, भिंतीपासून उचललेली असते, मोडली की आत पोकळी दिसते. आणखी एक सांगतो. पुरात घर बुडालं म्हणून वाळवीही मेली असेल, या भरवशावर राहू नका. भिंती महिनोन् महिने ओल्या राहतात, फुगलेलं लाकूड तसंच असतं, जोत्याखालची माती हललेली असते. पूर येऊन गेलेल्या घरात पुढची दोन वर्षं वर सांगितलेली तपासणी चुकवू नये.

## टप्पा ९: नकाशा हातात घेऊन बोला

आता वहीत तीन गोष्टी असतील: खुणांच्या जागा, त्यातल्या चालू कुठल्या आणि जमिनीतून वर यायची संशयित जागा. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोनवर "वाळवी झालीय, किती घेणार?" एवढंच विचारलंत तर तो चौरस फुटाचा दर सांगेल. नकाशा दाखवलात तर त्याला नेमकं बोलावं लागतं.

त्याला हे विचारा.

फक्त लाकडावर फवारणार की फरशी-भिंतीच्या सांध्याला भोकं पाडून जमिनीत औषध सोडणार? बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा भाग ३ आहे. त्यानुसार भोकं १२ मिलिमीटरची आणि साधारण एकेक फुटावर असतात. भोकं हातभर अंतरावर पाडली की मध्ये रस्ता मोकळा राहतो. बाहेरून जोत्याच्या कडेनंही औषध जायला हवं, निव्वळ आतून करून अर्धंच काम होतं.

औषध कुठलं आणि प्रमाण किती? सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि लेबल वाचा. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर. कालवून आणलेला ड्रम स्वीकारू नका, त्यात काय आणि किती आहे हे सांगता येत नाही.

विहीर, आड किंवा बोअर भिंतीपासून किती अंतरावर आहे हे तुम्ही आपणहून सांगा. तो विचारेलच असं नाही. पिण्याचं पाणी जवळ असेल तर त्या बाजूला औषध सोडायचं की नाही हे आधी ठरलं पाहिजे. जमिनीखालची पाण्याची टाकीही यातच आली.

खाल्लेली चौकट लगेच बदलून घेऊ नका. आधी जमिनीचं काम, मग पुन्हा टप्पा ७ ची चाचणी, रस्ते बंद पडल्याची खात्री, आणि मग सुतार. उलटं केलंत तर वाळवीला नवं लाकूड आयतं मिळतं. काढलेलं खराब लाकूड परड्यात भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. त्याच दिवशी घराबाहेर काढा.

बिलावर कुठल्या भिंतींना किती भोकं पाडली, औषधाचं नाव आणि तारीख लिहून घ्या. नुसता "वाळवी ट्रीटमेंट, पाच वर्षं गॅरंटी" असा शिक्का घेऊ नका. ते बिल आणि तुमचा नकाशा एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरच्या कप्प्यात ठेवा, तळाच्या कप्प्यात नको.